नासिका शिस्टोसोमियासिस

नासिका शिस्टोसोमियासिस हा ‘शिस्टोसोमा नेझेल’ या चपट्या कृमीमुळे गुरांना होणारा रोग आहे. तो भारत, श्रीलंका, बांगलादेश इत्यादी देशांत आढळतो. हे कृमी नाकाच्या अस्तरातील शिरांमध्ये राहतात. त्यांची अंडी शेंबडाबरोबर तळ्या-डबक्यांत पडतात. अंड्यांतून निघालेले डिंभ ‘इंडोप्लॅनॉर्बिस एक्झस्टस’ या गोगलगायीत वाढतात व पुढील अवस्थेत पाण्यात उतरलेल्या जनावराच्या कातडीतून शरीरात शिरतात.

अस्तरात अडकलेल्या अंड्यांभोवती फुलकोबीसारख्या गाठी वाढून श्वासमार्ग अरुंद होतो. जनावर घोरल्यासारखा आवाज करते, नाकातून शेंबूड व कधी रक्त येते आणि बैलाची कामाची ताकद घटते.

म्हशींमध्ये लक्षणे बहुधा सौम्य असतात. तरीही त्यांच्या शेंबडातून अंडी पाण्यात जातात. म्हणून केवळ घोरणाऱ्या बैलावर उपचार केल्याने प्रसार थांबत नाही. निदानासाठी शेणाऐवजी शेंबडाची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करतात; त्यात वक्राकार अंडी दिसतात. उपचारासाठी प्राझिक्वांटेल हे औषध वापरले जाते. गोगलगायींचे नियंत्रण करणे आणि गुरांना साचलेल्या पाण्यापासून दूर ठेवणे हे मुख्य प्रतिबंधक उपाय होत.