मध्यस्थानी आफ्रिका

कार्टर वुडसन यांनी 1926 च्या फेब्रुवारीत अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा पहिला सप्ताह पाळला, त्याला यंदा शंभर वर्षे पूर्ण झाली. आणि शाळांनी वंशाविषयी काय शिकवावे व काय शिकवू नये यासंबंधी 29 जानेवारी 2025 रोजी वॉशिंग्टनहून निघालेल्या फर्मानाचे पडसाद अद्याप विरलेले नसल्यामुळे, या शताब्दीवर वादाचे सावट पडले आहे. त्या वादाच्या बातम्या वाचकांच्या वाचनात आलेल्याच आहेत. त्यांत राज्यपाल बोलतात, कायदेपंडित बोलतात, पालक तावातावाने बोलतात. परंतु ज्याच्या नावाने हा सारा खटाटोप चालला आहे, त्या बारा-तेरा वर्षांच्या विद्यार्थ्याची साक्ष कोणी काढीत नाही. सहावी ते आठवीच्या मुलांकडून सत्राच्या अखेरीस आपण काय शिकलो याचे आत्मपरीक्षण लिहून घेण्याची वहिवाट अमेरिकेतील अनेक शाळांत आहे. आफ्रिका-केंद्री शिक्षणाची एक सहामाही पुरी केलेल्या मुलाच्या अशा कैफियतीत काय उतरावे, हाच माझ्या मते या वादातील मुख्य प्रश्न आहे, आणि त्याच्या उत्तरावरच या शिक्षणाची किंमत ठरणार आहे.

या शिक्षणाचे तत्त्व थोडक्यात सांगता येते. टेंपल विद्यापीठाचे मोलेफी असांते यांनी 1980 पासून हिरिरीने मांडलेला विचार असा की, आफ्रिकी वंशाच्या माणसांकडे इतरांच्या इतिहासातील वस्तू म्हणून न पाहता स्वतःच्या इतिहासाचे कर्ते म्हणून पाहावे. शिकागोमध्ये कवी हाकी मधुबुटी यांनी 1969 मध्ये उभ्या केलेल्या संस्थेतून पुढे 1998 मध्ये बेटी शबाझ यांच्या नावाची जी शाळा निघाली, तिथे शिक्षिकांना ‘मामा’ आणि शिक्षकांना ‘बाबा’ म्हणतात; शिक्षक हा पगारी नोकर नसून घरातले वडीलधारे माणूस आहे, ही भावना त्यामागे आहे. डेट्रॉइटने 1991 मध्ये सरकारी शाळांतच हा प्रयोग आरंभिला, तर फिलाडेल्फियाने 2005 मध्ये आफ्रिकी-अमेरिकी इतिहास हा विषय माध्यमिक शिक्षण पुरे करण्यासाठी अनिवार्य ठरवला.

परंतु तत्त्वापेक्षा तास पाहावा. भिंतीवरच्या नेहमीच्या मर्केटर पद्धतीच्या नकाशावर ग्रीनलंड आणि आफ्रिका जवळजवळ सारख्याच आकाराची दिसतात. मुलाला दोन्हींचे क्षेत्रफळ काढायला सांगावे: ग्रीनलंड सुमारे 21 लाख 66 हजार चौरस किलोमीटर, आफ्रिका 3 कोटींहून अधिक, म्हणजे सुमारे चौदा पट. पृथ्वीचा गोल सपाट कागदावर उतरवताना काहीतरी बिघडणारच. दर्यावर्दींच्या सोयीसाठी सोळाव्या शतकात आखलेल्या या नकाशात दिशा अचूक राहते आणि त्यापायी ध्रुवांकडचा मुलूख फुगतो. यात कोणाचा कट नाही. पण गलबतांसाठी काढलेला हा नकाशा शतकानुशतके शाळेच्या भिंतीवर लटकत राहिला, आणि भूमीच्या आकारावरून तिच्या महत्त्वाचा अंदाज बांधण्याची सवय पिढ्यान्‌पिढ्यांना लागली. 2017 मध्ये बोस्टनच्या शाळांनी क्षेत्रफळ यथाप्रमाण दाखवणारे नकाशे आणले, आणि 2025 च्या ऑगस्टमध्ये आफ्रिकी संघानेही अशा नकाशांच्या मागणीला पाठिंबा दिला. ज्या मुलाने हा हिशेब आपल्या हाताने केला, तो पुढे कोणताही नकाशा पाहताना हा कोणी, कोणासाठी काढला, हे विचारल्यावाचून राहणार नाही.

दुसरा तास इशांगोच्या हाडाचा. काँगोमध्ये एडवर्ड सरोवराच्या काठी 1950 मध्ये बेल्जियन संशोधक झाँ द हाइन्झलिन यांना सापडलेले आणि आज ब्रुसेल्सच्या संग्रहालयात असलेले हे काळपट तपकिरी हाड सुमारे वीस हजार वर्षांपूर्वीचे मानले जाते. टोकाला गारेची कपची बसवलेली, आणि अंगावर तीन ओळींत खाचा. एका ओळीत 11, 13, 17 आणि 19 अशा, म्हणजे दहा ते वीस यांमधील साऱ्या मूळसंख्यांइतक्या खाचा आहेत. दोन ओळींची बेरीज प्रत्येकी 60 आणि तिसरीची 48. मुलाचे डोळे इथे चमकणे स्वाभाविक आहे. परंतु चांगला शिक्षक इथेच त्याला थांबवील: ही मूळसंख्यांची जाण, की चंद्राच्या कलांची नोंद, की केवळ हातातून निसटू नये म्हणून केलेल्या खरबडी, याविषयी विद्वानांत एकमत नाही. खाचा निश्चित आहेत, त्यांचा अर्थ निश्चित नाही. आणि हा भेद ज्या दिवशी मुलाला उमगतो, त्या दिवशी तो इतिहासाचा खरा विद्यार्थी होतो.

या भेदाचे महत्त्व वुडसन यांच्याइतके क्वचितच कोणी जाणले असेल. 1875 मध्ये, गुलामगिरीतून सुटलेल्या आईबापांच्या पोटी व्हर्जिनियात जन्मलेला हा मुलगा ऐन उमेदीच्या वयात वेस्ट व्हर्जिनियाच्या कोळशाच्या खाणीत राबत होता. तिथे यादवी युद्धात लढलेल्या ऑलिव्हर जोन्स नावाच्या खाणकामगाराच्या घरी संध्याकाळी श्रमलेली, निरक्षर माणसे जमत, आणि वुडसन त्यांना वर्तमानपत्रे व पुस्तके मोठ्याने वाचून दाखवी. ज्यांना अक्षर येत नव्हते त्यांना युद्ध, राजकारण आणि मजुरी यांविषयी किती सखोल समज आहे, याचा साक्षात्कार त्याला तिथे झाला. पुढे 1912 मध्ये हार्वर्डची डॉक्टरेट मिळवल्यावरही आपले खरे विद्यापीठ तो विसरला नाही. 1915 मध्ये संस्था, 1916 मध्ये नियतकालिक, 1926 मध्ये सप्ताह: या साऱ्या खटपटीमागे एकच तळमळ होती की, पुरावा गोळा झाला पाहिजे, छापला गेला पाहिजे आणि खाणकामगाराच्या घरापर्यंत पोचला पाहिजे.

1933 च्या आपल्या गाजलेल्या ग्रंथात, आपण 1903 पासून फिलिपाईन्समध्ये शिक्षकी करीत असताना पाहिलेला एक दाखला वुडसन यांनी दिला आहे. मोठमोठ्या विद्यापीठांतून आलेले अमेरिकी शिक्षक तिथल्या मुलांना कधी न पाहिलेल्या सफरचंदाच्या झाडाची गाणी शिकवीत आणि जॉर्ज वॉशिंग्टनच्या गोष्टी सांगत. मुले ढिम्म बसत. शिक्षणशास्त्राचा गंधही नसलेल्या, पूर्वी विम्याचा धंदा केलेल्या एका गृहस्थाने मात्र सफरचंदाच्या जागी लोंबॉय आणला, म्हणजे आपले जांभूळच, आणि वॉशिंग्टनच्या जागी होसे रिझाल. आणि वर्ग जिवंत झाला. शिक्षण मुलाच्या पायाखालच्या जमिनीपासून सुरू व्हावे, एवढेच ‘केंद्र’ या कल्पनेचे सार आहे. मात्र जांभळापासून सुरुवात करायची ती पुढे सफरचंदापर्यंतही पोचण्यासाठी. जांभळाखेरीज जगात दुसरे फळच नाही असे शिकवण्यासाठी नव्हे.

हे बंधन सर्वांनी पाळले नाही. 1980 नंतरच्या दशकात पोर्टलंडच्या शाळांसाठी लिहिलेल्या निबंधांपैकी विज्ञानविषयक निबंधात प्राचीन इजिप्शियन लोक ग्लायडरमध्ये बसून उडत असल्याचे बिनदिक्कत सांगितले होते, आणि हे निबंध इतर शहरांतल्या शाळांपर्यंतही पोचले. आर्थर श्लेसिंजर यांनी 1991 मध्ये या चळवळीवर राष्ट्र दुभंगवण्याचा आरोप ठेवला. तो मला मान्य नाही. ज्या देशाने एका समाजाचा इतिहास दोनशेहून अधिक वर्षे दप्तराबाहेर ठेवला, त्याने तो दप्तरात घेण्याला दुभंग म्हणणे अन्यायाचे आहे. परंतु ग्लायडरचा आक्षेप सोळा आणे खरा आहे. खोट्या वैभवावर उभारलेला अभिमान पहिल्याच उलटतपासणीत कोसळतो, आणि कोसळताना मुलाचा खऱ्यावरचाही विश्वास घेऊन जातो. पुराणातील विमानांना इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात बसवण्याची हौस ज्यांच्या ओळखीची आहे, त्या मराठी वाचकांना याहून अधिक सांगायला नको. तेव्हा ‘माझे पूर्वज राजे होते’ एवढेच लिहून जो मुलगा थांबला, त्याची सहामाही निम्मी वाया गेली असे मी म्हणेन. ‘हे मला कोणी सांगितले आणि त्याला पुरावा काय’ असे जो विचारू लागला, त्याची सार्थकी लागली.

ही कसोटी आपल्यालाही लागू आहे, कारण आफ्रिकेशी आपले नाते दूरचे नाही. अमेरिकेतील गुलामगिरी मोडणाऱ्या तिथल्या सज्जनांना जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये आपली ‘गुलामगिरी’ अर्पण केली, डॉ. आंबेडकरांनी 1946 मध्ये डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांच्याशी पत्रव्यवहार केला. 1972 मध्ये दलित पँथरने नावच तिकडचे घेतले. त्याहून जुने नाते मलिक अंबरचे. इथियोपियात जन्मून, बाजारोबाजार विकला जात दक्षिणेत आलेला हा हबशी निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला. त्याने 1610 मध्ये खडकी वसवली, पुढे नहरीने तिला पाणी दिले, आणि जमिनीचा धारा अशा रीतीने बांधला की महसुलाच्या दप्तरात ‘मलिकंबरी’ हा शब्द त्याच्या पश्चातही चालू राहिला. 1624 मध्ये भातवडीच्या रणांगणात शहाजीराजे त्याच्याच बाजूने लढले. 1626 मध्ये तो वारला. म्हणजे वुडसनच्या सप्ताहाची शताब्दी आणि मलिक अंबरच्या मृत्यूची चौथी शताब्दी एकाच वर्षी आली आहे.

हा योग वाया जाऊ देऊ नये. महाराष्ट्रातील सहावी-सातवीच्या वर्गांनी यंदा एक आठवडा मलिक अंबरला द्यावा: त्याची नहर नकाशावर शोधावी, त्याचा धारा गणिताच्या तासाला मांडून पाहावा, तो कुठून, कोणत्या वाटेने, कोणाच्या मालकीत इथे आला हे भूगोलाच्या तासाला उलगडावे, आणि जिथे साधने अपुरी पडतात तिथे ती अपुरी पडतात हेही मुलांना स्पष्ट सांगावे. यासाठी सरकारी परिपत्रकाची वाट पाहण्याचे कारण नाही. मन लावून शिकवणारा एक शिक्षक पुरेसा आहे. दुसऱ्याच्या मुलाला त्याचा इतिहास मिळावा की नाही यावर मत देण्यापूर्वी, त्या इतिहासाचा जो भाग आपल्या मातीत मिसळला आहे तो आपल्या मुलांपर्यंत पोचवणे, हे आपले पहिले कर्तव्य आहे.