सिलिकेटांचं जग (लेखांक 7) : रोमहून आलेला झिओलाइट

मे 2021 च्या मध्यावर, करोनाच्या दुसऱ्या लाटेत रुग्णालयांतून ऑक्सिजनसाठी हाकाटी चालू असताना, एअर इंडियाची मालवाहू विमानं रोमहून झिओलाइट घेऊन बंगळूरला उतरली. पहिल्या दोन विमानांतून सुमारे 34 टन माल आला आणि पाठोपाठ कोरियाहूनही खेपा ठरल्या होत्या. डीआरडीओच्या तंत्रावर देशभर जे ऑक्सिजन प्रकल्प उभे राहत होते, त्यांच्या टाक्यांत तो भरायचा होता. दगडधोंड्यांत थोडाफार रस असलेल्या मराठी माणसाला ही बातमी खटकली असेल, तर त्यात नवल नाही. जळगाव, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, पुणे या पट्ट्यातला झिओलाइट जगभर नावाजलेला आहे. खंडाळ्याच्या घाटात रेल्वेसाठी कातळ फोडला गेला, तेव्हापासून इथले स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट आणि स्कोलेसाइटचे झुपके परदेशी संग्रहालयांत जात आले आहेत. सिन्नरच्या ‘गारगोटी’ संग्रहालयात ते कुणालाही पाहता येतात. मग घरचं सोडून रोमचा झिओलाइट कशाला? प्रश्न रास्त आहे, पण त्यामागचं गृहीतक चुकीचं आहे. झिओलाइट म्हणजे लोखंडाच्या किंवा बॉक्साइटच्या दगडासारखी खणून काढायची संपत्ती, असं आपण धरून चालतो. उद्योगात झिओलाइटला जी किंमत मिळते ती त्याच्यातल्या पोकळीची असते, आणि हवी तशी पोकळी जमिनीत क्वचितच तयार मिळते.

गेल्या लेखांकात आपण काच पाहिली. एका सिलिकॉनभोवती चार ऑक्सिजन हा चतुष्फलक सगळ्या सिलिकेटांचा पाया आहे. काचेत हे चतुष्फलक कसेही, वेडेवाकडे जोडलेले असतात, तर अभ्रकात ते थरांनी मांडलेले असतात. झिओलाइटमध्ये ते तिन्ही दिशांना असे गुंफले जातात की मधे पोकळ्या राहतात आणि एका जातीच्या झिओलाइटमध्ये या पोकळ्यांची तोंडं ठरलेल्या मापाचीच असतात. काही ठिकाणी सिलिकॉनच्या जागी ॲल्युमिनियम बसतो. त्याची संयुजा एकाने कमी असल्याने चौकटीवर ऋण भार उरतो आणि तो भागवायला सोडियम, पोटॅशियम किंवा कॅल्शियमचे आयन पोकळीत येऊन राहतात. ते चौकटीत पक्के जोडलेले नसतात, त्यामुळे त्यांची अदलाबदल करता येते. उरलेल्या जागेत पाणी असतं. स्वीडनचे खनिजतज्ज्ञ ॲक्सेल क्रॉनस्टेट यांनी 1756 साली फुंकनळीच्या ज्योतीत असा दगड धरला, तेव्हा तो फसफसला तो याच पाण्यामुळे. पाणी निघून गेल्यावरही चौकट शाबूत राहिली तर आतली जागा दुसऱ्या कशालाही वापरता येते. म्हणजे तोंडाचं माप, आतला आयन आणि रिकामं झाल्यावर टिकून राहण्याची ताकद या तिन्ही गोष्टी एकाच वेळी जुळाव्या लागतात. धंद्याचं सगळं गणित या तीन गोष्टींवर आहे.

ऑक्सिजनचंच पाहू. हवेत 78 टक्के नायट्रोजन आणि 21 टक्के ऑक्सिजन. दोन्ही रेणूंचे आकार इतके जवळजवळचे आहेत की नुसत्या मापावर त्यांना वेगळं करणं इथे साधत नाही. दोन्ही आत शिरतात. फरक पडतो तो विद्युतभाराच्या वाटणीमुळे. नायट्रोजनच्या रेणूत ही वाटणी अधिक असमान असते, म्हणून पोकळीतला धन आयन त्याला ऑक्सिजनपेक्षा जोरात धरून ठेवतो. हवा दाबाने टाकीत सोडली की नायट्रोजन आत अडकतो आणि ऑक्सिजन पुढे निघतो. दाब उतरवला की नायट्रोजन सुटतो आणि टाकी पुन्हा तयार होते. दोन टाक्या आळीपाळीने चालवल्या की प्रवाह अखंड राहतो. आयन जितका लहान, तितकी त्याची ओढ तीव्र, म्हणून चांगल्या प्रतीच्या मालात सोडियम काढून लिथियम भरतात. हवेतला एक टक्क्याच्या आतबाहेरचा आर्गॉन मात्र ऑक्सिजनबरोबरच बाहेर येतो. त्यामुळे अशा यंत्रातून साधारण 93 टक्के शुद्धतेचा ऑक्सिजन मिळतो, आणि सगळा नायट्रोजन काढला तरी आकडा 96 च्या पुढे जाणार नाही. 2021 च्याच एप्रिलमध्ये आयआयटी मुंबईने नायट्रोजन तयार करणाऱ्या एका यंत्राचं ऑक्सिजनच्या यंत्रात रूपांतर करून दाखवलं होतं. टाक्या आणि दाबयंत्र तीच राहिली. मुख्य बदल होता टाकीतला कार्बन काढून झिओलाइट भरण्याचा.

आता या कामाला आपला दख्खनी स्फटिक लावून पाहू. पहिली अडचण आकाराची. यंत्रातलं एकेक आवर्तन काही सेकंदांचं असतं आणि तेवढ्यात वायूने पोकळ्यांत शिरून परत यायचं असतं. म्हणून कारखान्यातला झिओलाइट मायक्रॉनभर आकाराच्या कणांचा असतो आणि ते कण चिकणमातीने बांधून त्यांच्या गोळ्या करतात. संग्राहकाला भुरळ पाडणारा बोटभर स्फटिक इथे कुचकामी आहे. तो दळता येईल, हे खरं. पण दळल्यावर मुख्य अडचण समोर येते. ह्यूलँडाइट आणि क्लिनॉप्टिलोलाइट ही दोन खनिजं घ्या. दोघांची चौकट एकच आहे. क्लिनॉप्टिलोलाइटमध्ये सिलिकॉनचं प्रमाण जास्त असतं, तर ह्यूलँडाइटमध्ये ॲल्युमिनियम आणि कॅल्शियम जास्त. एवढ्या फरकाने क्लिनॉप्टिलोलाइट सहाशे अंश सेल्सियसच्या पुढेही टिकतो आणि ह्यूलँडाइटची चौकट साडेतीनशेच्या आसपास ढासळते. ढासळली की पोकळी गेली, आणि उरते ती पांढरी भुकटी. दख्खनच्या लाव्हातले वायूचे बुडबुडे निघून जाऊन राहिलेल्या पोकळ्यांत, झिरपणाऱ्या गरम पाण्यातून जे वाढलं ते बहुतांशी स्टिल्बाइट-ह्यूलँडाइटच्या गोतावळ्यातलं आहे. शिवाय ते विखुरलेलं आहे. विहीर खणताना किंवा खडीच्या खाणीत सुरुंग उडाल्यावर एखादी पोकळी हाती लागते, आणि पुढचा कित्येक घनमीटर कातळ कोरा निघतो. त्या स्फटिकांना जो भाव मिळतो तो देखणेपणाचा, आणि तोच त्यांचा योग्य उपयोग आहे.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. नैसर्गिक झिओलाइट उद्योगात वापरलाच जात नाही, असं कुठे आहे? चीन, दक्षिण कोरिया, तुर्कस्तान, स्लोव्हाकिया इथे त्याच्या मोठ्या खाणी आहेत. इंग्लंडमधल्या सेलाफील्डच्या अणुकेंद्रात किरणोत्सारी सीझियम आणि स्ट्रॉन्शियम पाण्यातून काढायला 1985 पासून नैसर्गिक क्लिनॉप्टिलोलाइटच वापरतात. हे सगळं खरं आहे. पण तो झिओलाइट लाव्हाच्या पोकळीतला नसतो. ज्वालामुखीची राख तळ्यांत साचून खाऱ्या, अल्कधर्मी पाण्यात बदलत गेली, त्यातून मीटरच्या मीटर जाडीचे आणि अतिसूक्ष्म कणांचे थर तयार झाले. आपल्याकडे लाव्हा वाहिला तो मुख्यतः पातळ बेसाल्टचा. राखेचे असे जाड थर त्याने मागे ठेवले नाहीत. आणि सेलाफील्डचं काम मुळात आयनांच्या अदलाबदलीचं आहे. तिथे मापाची थोडी ढिलाई खपते, माल एकदा वापरून पुरून टाकायचा असतो. ऑक्सिजनच्या टाकीत तोच माल वर्षानुवर्षं, लाखो वेळा भरायचा आणि रिकामा करायचा असतो.

नैसर्गिक झिओलाइट आपल्या बाजारात येतो तो शेतकऱ्यांच्या आणि कोळंबी-तलाववाल्यांच्या नावाने, आणि तिथे त्याच्याबद्दल फार काही बोललं जातं. तलावातला अमोनिया तो शोषून घेतो, हा दावा गोड्या पाण्यापुरता खरा आहे. खाऱ्या पाण्यात सोडियम इतका भरमसाट असतो की अमोनियमला पोकळीत जागाच मिळत नाही. कोळंबी तर निमखाऱ्या पाण्यातली. शेतीतही रेताड जमिनीला झिओलाइटचा उपयोग होतो, कारण तिच्यात खताचे आयन धरून ठेवणारं काही नसतं. पण आपल्या काळ्या मातीत स्मेक्टाइट नावाचा सिलिकेटच ठासून भरलेला आहे आणि आयन धरून ठेवणं हाच त्याचा गुण आहे. अशा रानात पैसे मोजून झिओलाइटचं पोतं टाकण्याआधी विक्रेत्याला दोन प्रश्न विचारलेले बरे.

कारखान्यात मापाची पोकळी घडवता येते, याचा खरा पुरावा हवा असेल तर साखर कारखान्याच्या आसवनीत जावं. मळीपासून किंवा उसाच्या रसापासून अल्कोहोल काढलं की कितीही ऊर्ध्वपातन करा, वजनाने 95.6 टक्क्यांवर ते अडतं. त्या प्रमाणाला अल्कोहोल आणि पाणी एकत्रच उकळतात. पेट्रोलमध्ये मिसळायला मात्र जवळजवळ निर्जल इथेनॉल लागतं, किमान 99.5 टक्के. पूर्वी उरलेलं पाणी ओढून काढायला बेंझिन किंवा सायक्लोहेक्झेन घालत. आता वाफेच्या रूपातलं अल्कोहोल मॉलिक्युलर सीव्हच्या मण्यांतून नेतात. हे मणी ‘थ्री-ए’ झिओलाइटचे असतात. त्याच्या पोकळीचं तोंड सुमारे 3 अँगस्ट्रॉमचं, म्हणजे मिलिमीटरच्या एक कोटीव्या भागाच्या तिप्पट. पाण्याचा रेणू त्याहून किंचित लहान, म्हणून तो आत जातो. इथेनॉलचा चारच्या वर, म्हणून तो बाहेर राहतो. मणी भरत आले की वाफ दुसऱ्या टाकीकडे वळवतात, पहिली निर्वात करून पाणी काढतात आणि त्याबरोबर आलेलं थोडं अल्कोहोल परत ऊर्ध्वपातनाला पाठवतात. विशेष म्हणजे हा ‘थ्री-ए’ वेगळा शोधावा लागलेला नाही. अमेरिकेत युनियन कार्बाइडच्या रॉबर्ट मिल्टन यांनी 1949 च्या सुमारास ‘ए’ झिओलाइट तयार केला. त्या चौकटीचा झिओलाइट तोवर निसर्गात कुणी पाहिलेला नव्हता. त्यात सोडियम असेल तर तोंड 4 अँगस्ट्रॉमचं. मोठा पोटॅशियम भरला की तोंड अडून 3 वर येतं. दोन सोडियमच्या जागी एक कॅल्शियम आला की वाट मोकळी होऊन 5 होतं. सोडियमच्या मिठाच्या जागी पोटॅशियमच्या मिठाचं द्रावण वापरून माप बदलायचं, ही सोय कोणत्या खाणीत मिळणार?

वजनाच्या हिशेबात ‘ए’चं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक धुण्याची पावडर आहे. बेसाल्टातल्या विहिरीच्या पाण्याला साबणाचा फेस का येत नाही, हे दख्खनमध्ये कुणाला सांगायला नको. त्यातला कॅल्शियम साबणाला साक्यासारखा खाली बसवतो. ‘ए’ झिओलाइट आपला सोडियम सोडतो आणि तो कॅल्शियम आत घेतो. त्याआधी हे काम फॉस्फेट करत असे. पण सांडपाण्याबरोबर ते तळ्यांत गेलं की शेवाळ माजे, म्हणून युरोपात सत्तरच्या दशकापासून त्याला पर्याय शोधला गेला. हेंकेल कंपनीने जर्मनीत झिओलाइट पुढे आणला आणि 1986 साली तिथे फॉस्फेटविरहित ‘पर्सिल’ विकायला आली. इथे आक्षेप असा की झिओलाइट फॉस्फेटइतका चांगला नाही. तो खराच तितका चांगला नाही. विरघळत नसल्याने तो गडद कपड्यांवर कधी पांढरट अंश ठेवतो. मॅग्नेशियमच्या बाबतीत तो मंद आहे, कारण तो आयन पाण्याचं जाड वेष्टन घेऊन फिरतो. त्यामुळे सोबतीला सोडा, सोडियम सिलिकेट आणि पॉलिमर घालावेच लागतात. तरीही सांडपाण्यात गेल्यावर तो गाळ म्हणून खाली बसतो, शेवाळाचं अन्न होत नाही. तेवढ्यासाठी हा तोटा पत्करला गेला, आणि तो हिशेब मला योग्य वाटतो.

शेवटचा आक्षेप कच्च्या मालाचा. कृत्रिम झिओलाइटही अखेर जमिनीतूनच येतो ना? येतो. वाळू आणि सोडा वितळवून केलेलं सोडियम सिलिकेट लागतं, ज्याने कोल्हापूरच्या फाउंड्रीत कार्बन डायऑक्साइड सोडून वाळूचे साचे घट्ट करतात तेच. शिवाय बॉक्साइटपासूनचं सोडियम ॲल्युमिनेट आणि कॉस्टिक. यातलं काहीच दुर्मीळ नाही, आणि दोन्ही द्रावणं मिसळून आलेली जेली उकळत्या पाण्याच्या जवळपासच्या तापमानाला काही तास ठेवली की ‘ए’चे स्फटिक येतात. औष्णिक केंद्रांच्या राखेतही सिलिका आणि ॲल्युमिना असतो. कॉस्टिकमध्ये शिजवली की तिचाही झिओलाइट होतो. पण राखेत क्वार्ट्‌झ, म्युलाइट, लोह असं बरंच काही असतं आणि ते तसंच मागे उरतं. गढूळ पाणी निवळायला असा माल चालेल, ऑक्सिजनला चालणार नाही. धुण्याच्या प्रतीचा ‘ए’ आपल्याकडे ओडिशात नाल्कोच्या दामनजोडीच्या कारखान्यात बनला आहे, म्हणजे विद्या अगदी परकी नव्हती. रोमहून जो माल आला त्याचं काम निराळं होतं. अशा मालात सिलिकॉन-ॲल्युमिनियमचं प्रमाण जवळपास बरोबरीला आणावं लागतं, बहुतेक सगळा सोडियम काढून लिथियम बसवावा लागतो, गोळी हवेच्या झोताखाली कुटली जाऊ नये इतकी कठीण करावी लागते आणि ओलावा शेवटच्या थेंबापर्यंत काढावा लागतो. कारण झिओलाइटला नायट्रोजनपेक्षा पाणी कितीतरी प्रिय आहे, आणि पावसाळ्यात बंद पडून राहिलेला घरगुती ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर कमकुवत होतो तो बहुधा याच कारणाने. 2021 मध्ये उणीव होती ती या शेवटच्या टप्प्यांच्या कारखान्यांची. तक्रार करायचीच असेल तर ती तिथे करावी. वाघोलीच्या किंवा जळगावच्या खाणींतले स्फटिक तेव्हा कामी आले नाहीत, याचा दोष त्या खाणींना किंवा त्यांच्याकडे पाहणाऱ्यांना देता येत नाही.