धन्य कोण? दोन शुभवर्तमानांची दोन उत्तरे

येशू ख्रिस्ताच्या उपदेशातील सर्वाधिक परिचित भाग म्हणजे ‘धन्य’ या शब्दाने सुरू होणारी वचने. ‘नव्या करारा’त ती दोन ठिकाणी येतात : मत्तयकृत शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात आणि लूककृत शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात. दोन्ही उताऱ्यांचा गाभा समान असला, तरी आशय आणि घाट यांत मोठा फरक आहे.

मत्तयाचा येशू डोंगरावर चढून, खाली बसून शिष्यांना शिकवतो. सिनाय पर्वतावर नियमशास्त्र स्वीकारणाऱ्या मोशेची आठवण यहुदी वाचकाला येथे सहज होते. लूकचा येशू मात्र डोंगरावरून उतरून सपाट जागी, आजारी आणि पीडित लोकांच्या गर्दीत उभा राहतो.

मत्तयाच्या उताऱ्यात ‘धन्य’ हा शब्द नऊ वेळा येतो. पहिली आठ वचने तृतीयपुरुषी असून, पहिल्या आणि आठव्या वचनात स्वर्गाच्या राज्याचे एकच आश्वासन आहे. त्यामुळे संपूर्ण रचनेला चौकट लाभते. नम्र, दयाळू, निर्मळ अंतःकरणाचे, शांती प्रस्थापित करणारे अशा गुणांची ही मालिका आहे. नम्रांविषयीच्या वचनामागे ३७व्या स्तोत्राचा संदर्भ आहे.

लूककडे धन्यवचने चारच आहेत; पण त्यांच्यासमोर चार ‘हाय हाय’ उभे आहेत. गरीब आणि श्रीमंत, भुकेले आणि तृप्त, रडणारे आणि हसणारे, निंदिले गेलेले आणि वाहवा मिळवणारे, अशा या जोड्या. येथे संबोधन थेट ‘तुम्ही’ असे आहे आणि ‘आता’ या शब्दाची पुनरुक्ती वर्तमानाची धग वाढवते. जुन्या करारातील आमोस, यशया या संदेष्ट्यांच्या इशाऱ्यांची ही शैली आहे.

खरा पेच पहिल्याच वचनात आहे. मत्तय ‘आत्म्याने दीन’ असलेल्यांना धन्य म्हणतो, तर लूक केवळ ‘दीन’ म्हणतो. एकाचा रोख अंतःकरणाच्या वृत्तीवर, तर दुसऱ्याचा रिकाम्या पोटावर. दोघांनीही येशूच्या वचनांचा एक समान संग्रह वापरला असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. त्याला ‘क्यू’ असे नाव आहे. यांपैकी अनेकांच्या मते लूकचा संक्षिप्त पाठ मूळ वचनाला अधिक जवळचा आहे.

हा वाद केवळ पंडितांचा नाही. फक्त मत्तय वाचला, तर श्रीमंतालाही मनाने दीन होऊन धन्य होता येते. लूक ती पळवाट बंद करतो. १९६८ साली कोलंबियातील मेडेलिन येथे भरलेल्या लॅटिन अमेरिकेतील कॅथलिक बिशपांच्या परिषदेने दारिद्र्याला अन्याय ठरवले, तेव्हा चर्चा याच प्रश्नाभोवती होती. उलट केवळ लूक वाचला, तर दारिद्र्य हेच पुण्य असल्याचा गैरसमज होऊ शकतो. मत्तयाची दया आणि न्यायाची तहान तो दूर करते. ‘नव्या करारा’ने दोन्ही उतारे जपले, यातच त्याचे उत्तर असावे.