फ्रेंच लिहितानाच घोडं पेंड का खातं?

फ्रेंच शिकणारे मुंबई-पुण्यात कमी नाहीत. कुणी अकरावीला विषय म्हणून घेतं, कुणी आलियाँस फ्राँसेजच्या वर्गाला जातं, कुणाच्या डोळ्यांसमोर कॅनडा असतो. दोन-तीन महिन्यांत स्वतःची ओळख करून देता येते, पाटी वाचता येते. पण चार ओळींचं पत्र लिहायला सांगितलं की पेन थांबतं. यात आळसाचा भाग थोडा आणि भाषेच्या स्वभावाचा जास्त.

मराठीत ऱ्हस्व-दीर्घाची भानगड सोडली तर जे ऐकू येतं ते बहुतेक लिहिता येतं. फ्रेंचमध्ये तसं नाही. 'व्हेर' हा एकच उच्चार घ्या. त्याचा अर्थ हिरवा, काचेचा पेला, किडा, कवितेची ओळ किंवा 'च्या दिशेने' यांपैकी काहीही असू शकतो आणि शेवटचे दोन अर्थ सोडले तर प्रत्येकाचं स्पेलिंग वेगळं. वेळ या अर्थाचा शब्द उच्चारायचा 'तां', पण लिहायचा टी-ई-एम-पी-एस. यातले पी आणि एस मूळ लॅटिन 'टेम्पस'ची आठवण म्हणून राहिले आहेत. क्रियापदांचंही तेच. 'मी बोलतो', 'तू बोलतोस', 'ते बोलतात' या तिन्हींत क्रियापद ऐकू येतं 'पार्ल', पण शेवटची अक्षरं तिन्ही वेळा बदलतात.

म्हणूनच वहीत फ्रेंच शब्दाशेजारी देवनागरीत उच्चार लिहून ठेवायची सवय पुढे महागात पडते. बोलायला तिचा उपयोग होतो, पण डोळ्यांना मूळ स्पेलिंगची ओळखच होत नाही. त्यापेक्षा शब्द ऐकायचा, रोमनमध्ये लिहायचा, मग पुस्तकाशी ताडून पाहायचा. फ्रान्समध्ये मुलांना हेच करायला लावतात. त्याला 'दिक्ते' म्हणतात, म्हणजे आपलं शुद्धलेखन. 1857 मध्ये लेखक प्रॉस्पेर मेरिमे यांनी राजदरबारात मुद्दाम अवघड दिक्ते घातली आणि खुद्द सम्राट तिसऱ्या नेपोलियनने 75 चुका केल्या, असं सांगितलं जातं. नवशिक्याने दहा चुकांवर निराश व्हायचं कारण नाही.

अक्षरांवरच्या खुणा ही केवळ सजावट नव्हे. 'ऊ' या उच्चाराच्या शब्दात यू वर डावीकडे झुकलेली रेघ दिली तर अर्थ 'कुठे', नाही दिली तर 'किंवा'. टोपीसारखी खूण पुष्कळदा गळून गेलेल्या एस ची जागा दाखवते. इंग्रजी 'फॉरेस्ट' आणि 'हॉस्पिटल' यांचे फ्रेंच भाऊबंद पाहिले की ते पटतं. 1990 च्या सुधारणेनंतर आय आणि यू वरची टोपी बऱ्याच शब्दांत ऐच्छिक झाली, पण सुरुवातीला आपल्या पाठ्यपुस्तकातलं रूपच धरून चालावं.

आता मराठी माणसाच्या पथ्यावर पडणारी गोष्ट. इंग्रजीतून आलेल्याला 'टेबल स्त्रीलिंगी का?' हा प्रश्न छळतो. आपल्याला खुर्ची स्त्रीलिंगी असल्याचं कधीच आश्चर्य वाटलं नाही. 'चांगला मुलगा, चांगली मुलगी' यात विशेषण बदलतं, तसंच तिथेही. 'ती गेली' लिहिताना फ्रेंचमध्ये क्रियापदाला स्त्रीलिंगाचा जादा ई लागतो. (गंमत म्हणजे 'गेला'साठी तिथला शब्द ऐकू येतो 'आले'!) हा ई ऐकू येत नाही, म्हणूनच सुटतो. 'तू' आणि 'तुम्ही' हा भेदही आपल्या घरचाच. मात्र लिंग मराठीवरून ठरवू नये. चंद्र आणि समुद्र तिकडे स्त्रीलिंगी आहेत. त्यामुळे नाम पाठ करताना 'ल' किंवा 'ला' हे उपपद जोडूनच करावं.

सर्वाधिक चुका होतात त्या मनात इंग्रजी वाक्य रचून ते उलटवण्यातून. वय सांगताना फ्रेंच माणूस 'मी वीस वर्षांचा आहे' असं म्हणत नाही, 'माझ्याकडे वीस वर्षं आहेत' अशा धाटणीचं वाक्य वापरतो. वार आणि महिने लहान लिपीत सुरू होतात. प्रश्नचिन्हाआधी जागा सोडतात. इंग्रजीची सवय हे सगळं बिघडवते. अनुवादाच्या ॲपमध्ये परिच्छेद टाकून उतरवणं तर त्याहून वाईट, कारण परीक्षेत ॲप नसतं.

आणि परीक्षेत अपेक्षा फार नसते. फ्रेंच शिक्षण मंत्रालयाच्या 'डेल्फ' परीक्षेच्या ए1 या पहिल्या पातळीवर लेखनाला 30 मिनिटं मिळतात. एक फॉर्म भरायचा आणि किमान 40 शब्दांचा साधा मजकूर लिहायचा. 100 पैकी 50 गुणांना उत्तीर्ण, पण चारही विभागांत 25 पैकी किमान 5 हवेतच. एखाद्या विभागात त्याहून कमी पडले तर बाकीचे कितीही असोत, प्रमाणपत्र हातचं जातं. म्हणून दुसऱ्या आठवड्यापासूनच रोज पाच वाक्यं लिहावीत: आज काय खाल्लं, कुठे गेलो, कोण भेटलं. 'असणे', 'जवळ असणे', 'जाणे' आणि 'करणे' या चार क्रियापदांवर यातलं बरंच भागतं. लिहून झालं की तीनदा वाचावं: एकदा क्रियापदांच्या शेपट्या, एकदा लिंग-वचन आणि शेवटी खुणा.