फोटोग्राफीचा आघात

मालवणच्या धक्क्यावरून सिंधुदुर्ग किल्ल्याकडे होडी निघाली की सगळ्यांचे मोबाइल बाहेर येतात. आपण म्हणतो 'फोटोग्राफी', सगळी अक्षरं जवळपास सारख्याच जोराने. इंग्रज म्हणतो 'फ-टॉ-ग्र-फी'. हनुवटीखाली हात धरून बोलून पाहा. हनुवटी जितक्यांदा खाली जाते, साधारण तितके उच्चारखंड, इथे ४. त्यांतला एकच ठसठशीत, बाकीच्यांचे स्वर पुसट. 'फोटोग्राफ'मध्ये हा जोर, म्हणजे आघात, पहिल्या खंडावर, 'फोटोग्राफी'त दुसऱ्या, 'फोटोग्राफिक'मध्ये तिसऱ्या. शब्दाचं शेपूट बदललं, की आघात सरकतो. मराठी वृत्तांचा हिशेब मात्र आघाताचा नाही, लघू-गुरूचा. सिं-धु-दुर्-ग : गुरू, लघू, गुरू, लघू. लघूची एक, गुरूच्या दोन, अशा एकूण ६ मात्रा, वल्ह्याच्या ठेक्यासारख्या!