बंदुकीला परवाना कशासाठी?

पाठपरिचय : बंदूक बाळगायची असेल तर सरकारचा परवाना लागतो, हे आपण ऐकलेले असते. हा नियम कोणी केला, का केला आणि काळानुसार तो कसा बदलत गेला, याची माहिती या पाठात दिली आहे.

विद्यार्थी मित्रांनो, मराठी वाचताना काही शब्द तुम्हांला आपल्या घरातलेच वाटत असतील. ‘कायदा’, ‘परवाना’, ‘गुन्हा’, ‘बंदूक’ हे असेच शब्द आहेत. अरबी-फारसीतून ते मराठीत आले आणि येथेच रमले. मात्र येताना त्यांचे अर्थ थोडे बदलले. तुमच्या घरातील लहान मुलांचा कायदा म्हणजे अलिफ-बे शिकवणारे पहिले पुस्तक. मराठीत कायदा म्हणजे राज्याने केलेला आणि सर्वांना पाळावा लागणारा नियम. उर्दू शायरीतला परवाना शमेभोवती घिरट्या घालतो. मराठीतला परवाना म्हणजे सरकारची लेखी परवानगी. तुम्ही गुनाह म्हणता तेव्हा पाप हा अर्थ मनात येतो. मराठीत गुन्हा म्हणजे कायद्याविरुद्ध केलेले कृत्य. बंदूक मात्र दोन्ही भाषांत बंदूकच राहिली. या चार शब्दांना जोडणारी एक हकिकत आज आपण पाहू.

महाराष्ट्राचा नकाशा समोर घ्या. अहमदनगर जिल्हा शोधा. २०२४ पासून या जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले आहे. त्याच्या पश्चिम टोकाला, सह्याद्रीच्या कुशीत अकोले तालुका आहे आणि या तालुक्यात राजूर हे बाजाराचे गाव आहे. जवळच भंडारदऱ्याचे धरण आहे. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई याच तालुक्यात आहे. येथील डोंगराळ भागात महादेव कोळी, ठाकर इत्यादी आदिवासी लोक पिढ्यान्‌पिढ्या राहतात. भातशेती करावी, डांगी गुरे पाळावीत, असे त्यांचे जीवन.

राजूरजवळ देवगाव नावाचे खेडे आहे. तेथील राघोजी भांगरे यांनी १८४० नंतरच्या काळात इंग्रज सरकारविरुद्ध बंड केले. सावकार गरिबांच्या जमिनी बळकावत होते आणि सरकार सावकारांची पाठ राखत होते. राघोजींच्या साथीला डोंगरातील माणसे उभी राहिली. त्यांना पकडायला सरकारला अनेक वर्षे लागली. अखेर २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात राघोजींना फाशी देण्यात आले.

अशी बंडे देशात अनेक ठिकाणी झाली. पुढे १८५७ चा मोठा उठाव झाला. लोकांच्या हाती शस्त्रे असली, तर आपले राज्य टिकणार नाही, ही भीती इंग्रजांच्या मनात पक्की बसली. १८७८ मध्ये लॉर्ड लिटन व्हाइसरॉय असताना त्यांनी शस्त्र कायदा केला. या कायद्याने हिंदी माणसाला परवान्याशिवाय शस्त्र बाळगता येईना. युरोपीय लोकांना मात्र परवान्यातून सूट होती. एकाच गावात गोऱ्या साहेबाला बंदूक मोकळी आणि गावकऱ्याला मात्र बंदी! हा नियम लोकांच्या रक्षणासाठी नव्हता. तो लोकांपासून सरकारचे रक्षण करण्यासाठी होता. म्हणूनच हा कायदा आपल्या पुढाऱ्यांना अपमानासारखा झोंबत असे. १९३१ मध्ये कराची येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. तेथे मूलभूत हक्कांचा जो ठराव झाला, त्यात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही मागितला होता.

आता तुम्हांला वाटेल, स्वातंत्र्य मिळाल्यावर हा हक्क लगेच दिला गेला असेल. तसे झाले नाही. डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत ह. वि. कामत यांनी शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घालावा, अशी सूचना मांडली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिला विरोध केला आणि सभेने ती स्वीकारली नाही. आपल्या संविधानाच्या १९ व्या अनुच्छेदाने नागरिकांना एकत्र जमण्याचा हक्क दिला आहे. पण दोन अटींवर. जमायचे ते शांततेने आणि शस्त्रांशिवाय. सभा भरवा, मोर्चा काढा, सरकारला जाब विचारा. परंतु हातात शस्त्र नको. मतपेटी हाती आल्यावर बंदुकीचे काम उरू नये, हा विचार त्यामागे दिसतो.

त्यानंतर संसदेने १९५९ मध्ये नवा शस्त्र अधिनियम केला. तो १९६२ पासून अमलात आला. परवान्याची अट राहिली. पण गोरा-काळा हा भेद गेला. हा कायदा सामान्य माणसाच्या गरजाही जाणतो. केवळ घरकामाच्या व शेतकामाच्या वस्तूंना तो शस्त्र मानत नाही. साधी लाठी आणि चालायची काठी यांचा तर कायद्यात नावाने उल्लेख आहे. समजा, राजूरजवळच्या एखाद्या वाडीतील शेतकऱ्याच्या पिकात रानडुकरे शिरतात. पिकाच्या राखणीसाठी तो ठासणीच्या बंदुकीचा परवाना मागू शकतो. मात्र त्याचे वय २१ वर्षे पूर्ण असले पाहिजे. गंभीर गुन्ह्यात त्याला शिक्षा झालेली नसावी. तो अर्ज करतो, तेव्हा त्याच्या भागातील पोलीस ठाण्याकडून अहवाल मागवला जातो. हा माणूस कसा आहे, त्याच्या हाती बंदूक दिल्याने शांततेला धोका तर नाही ना, हे पाहिले जाते. मगच परवान्याचा निर्णय होतो. शिवाय पीक राखण्याचा परवाना म्हणजे शिकारीची मुभा नव्हे. रात्री गोठ्याजवळ बिबट्या आला, तरी त्याच्या शिकारीला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे.

सगळ्या बंदुका सारख्या नसतात, हेही येथे समजून घेतले पाहिजे. राघोजींच्या काळातील बंदूक ठासणीची असे. नळीत दारू भरायची, गोळी टाकायची, गजाने ठासायची आणि मग बार काढायचा. कसलेल्या शिपायालाही मिनिटाला दोन-तीनच बार काढता येत. एक बार झाला, की समोरच्या माणसाला पळायला किंवा अंगावर धावून यायला वेळ मिळे.

पुढे अर्धस्वयंचलित बंदूक आली. तिच्या मॅगझिनमध्ये अनेक काडतुसे असतात. चाप ओढला, की गोळी सुटते. त्याच स्फोटाच्या जोराने रिकामे काडतूस बाहेर पडते आणि नवे आपोआप जागेवर येते. बोट सोडून पुन्हा ओढायचे, एवढेच काम माणसाला उरते. स्वयंचलित बंदुकीत तेही उरत नाही. चाप दाबून धरला, की गोळ्या सुटतच राहतात. एके-४७ ही रायफल मिनिटाला सुमारे ६०० गोळ्या या वेगाने मारा करू शकते. म्हणूनच आपल्या देशात स्वयंचलित शस्त्रे ‘निषिद्ध शस्त्रे’ मानली जातात. अर्धस्वयंचलित रायफलीही १९६२ च्या नियमांपासून याच वर्गात आहेत. पिस्तूल व रिव्हॉल्व्हर यांचे नियम वेगळे आहेत.

अशी शस्त्रे काय करतात, हे मुंबईने २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री पाहिले. १० अतिरेकी समुद्रमार्गे शहरात शिरले. त्यांच्या हल्ल्यात १६६ माणसे मारली गेली. मरणाऱ्यांत सर्व धर्मांचे लोक होते. गिरगाव चौपाटीवर साताऱ्याच्या केडंबे गावचे सहायक पोलीस उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे उभे होते. त्यांच्या हातात फक्त लाठी होती. कायदा जिला शस्त्रही मानत नाही, तीच लाठी! त्यांनी अतिरेक्याच्या रायफलीची नळी दोन्ही हातांनी घट्ट धरली, सगळ्या गोळ्या आपल्या अंगावर घेतल्या आणि तो अतिरेकी जिवंत पकडला गेला. ओंबळे यांना मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आले.

तुम्ही विचाराल, “त्या अतिरेक्यांनी कोठे परवाना काढला होता? मग कायद्याचा उपयोग काय?” प्रश्न योग्य आहे. चोरून आणलेले शस्त्र केवळ कायद्याने थांबत नाही. त्यासाठी दक्ष पोलीस आणि सावध किनारेही लागतात. पण कायदा असल्यामुळे असे शस्त्र जवळ असणे हाच गुन्हा ठरतो. गोळी सुटण्याची वाट न पाहता पोलीस ते जप्त करू शकतात.

आणि जेथे अशी शस्त्रे रीतसर मिळतात, तेथे काय होते? १५ मार्च २०१९ चा शुक्रवार आठवा. न्यूझीलंडच्या ख्राइस्टचर्च शहरात जुम्याच्या नमाजासाठी लोक जमले होते. एका माणसाने दोन मशिदींत शिरून ५१ जणांचे प्राण घेतले. त्याच्याकडे बंदुकीचा परवाना होता! अर्धस्वयंचलित रायफली तेथे दुकानात मिळत असत. सारा देश हळहळला. सहाच दिवसांत पंतप्रधान जेसिंडा आर्डर्न यांनी अशा बंदुकांवर बंदी जाहीर केली. १० एप्रिल रोजी संसदेने ११९ विरुद्ध १ मतांनी कायदा केला. सरकारने पैसे देऊन लोकांकडून पन्नास हजारांहून अधिक बंदुका परत घेतल्या. ऑस्ट्रेलियाने हेच पाऊल १९९६ मध्ये उचलले होते. पोर्ट आर्थर येथे एका बंदूकधाऱ्याने ३५ जणांना ठार केल्यावर तेथे सुमारे साडेसहा लाख बंदुका विकत घेऊन नष्ट करण्यात आल्या. शेतकरी व शिकारी यांपैकी काहींनी तक्रार केली, की एकाच्या गुन्ह्याची शिक्षा आम्हांला का? तक्रार अगदीच खोटी नव्हती. पण गेलेला जीव परत येत नाही आणि दिलेली बंदूक परत करता येते.

त्याच वर्षी, डिसेंबर २०१९ मध्ये, आपल्या संसदेनेही शस्त्र कायद्यात बदल केला. १९८३ पासून एका व्यक्तीला तीन बंदुका बाळगता येत असत. ही संख्या एकवर आणावी, असा मूळ प्रस्ताव होता. चर्चेनंतर ती दोन ठरली. वाडवडिलांकडून आलेली बंदूकही या दोनांतच धरायची असते. निषिद्ध शस्त्र जवळ ठेवल्यास ७ ते १४ वर्षे कैद होऊ शकते. परवान्याची मुदत मात्र तीन वर्षांवरून पाच वर्षे झाली. आणखी एक गोष्ट तुम्ही घरी जरूर सांगा. लग्नाच्या वरातीत आनंदाने हवेत बार काढून कोणाचा जीव धोक्यात घातला, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. हवेत मारलेली गोळी हवेतच राहत नाही. ती कोठेतरी, कोणावर तरी पडते.

मित्रांनो, बंदूक एकाच्या हातात असते; पण तिच्या गोळीची काळजी साऱ्या गावाला असते. म्हणून ती कोणाच्या हाती द्यावी, हे ठरवताना गावाचे हितही पाहावे लागते. १८७८ च्या कायद्यात गावाला कोणी विचारले नव्हते. आजचा कायदा आपण निवडून दिलेल्या माणसांनी केला आहे. तो अपुरा वाटला, तर बदलायचा मार्गही आपल्याच हाती आहे. थोड्याच वर्षांत तुम्हीही मतदार व्हाल. राजूरच्या डोंगरातील राघोजींना जो मार्ग मिळाला नाही, तो तुम्हांला मिळाला आहे.

शब्दार्थ
पाठ राखणे – बाजू घेणे, संरक्षण देणे
झोंबणे – मनाला लागणे
जाब विचारणे – उत्तर मागणे
मुभा – मोकळीक, परवानगी
निषिद्ध – मनाई केलेले
चाप – गोळी सोडण्यासाठी बोटाने ओढायची कळ
दक्ष – सावध
मरणोत्तर – मृत्यूनंतर दिलेले

स्वाध्याय
१. १८७८ चा शस्त्र कायदा लोकांना अपमानासारखा का वाटत असे?
२. ठासणीची, अर्धस्वयंचलित आणि स्वयंचलित बंदूक यांतील फरक तीन वाक्यांत लिहा.
३. ‘एकाच्या गुन्ह्याची शिक्षा आम्हांला का?’ या तक्रारीला तुम्ही काय उत्तर द्याल? आठ-दहा ओळी लिहा.
४. ‘कायदा’, ‘परवाना’, ‘गुन्हा’ यांसारखे उर्दूत व मराठीत आढळणारे आणखी पाच शब्द शोधा. त्यांच्या अर्थांत फरक असल्यास सांगा.