एका मिनिटाचे व्यासपीठ
११ जानेवारी १९५० रोजी बाबासाहेब सिद्धार्थ महाविद्यालयाच्या विद्यार्थी-पार्लमेंटमध्ये हिंदू कोड बिलावर बोलले. आज व्यासपीठ मोबाईलमध्येही आले आहे. २०२५ च्या विकसित भारत युवा संसदेसाठी १८ ते २५ वयाच्या तरुणांना 'माय भारत' पोर्टलवर नोंदणी करून एका मिनिटाची चित्रफीत द्यायची होती. मिनिटात जेमतेम शे-सव्वाशे शब्द मावतात. म्हणून प्रास्ताविक गाळावे. वादविवाद असेल तर विरोधी बाजूही लिहून काढावी. नाव दाखल्याबरहुकूम भरावे. एका अक्षरापायी अर्ज अडतो, हे आम्ही बँकेत रोज पाहतो.

आमच्या वस्तीतील एका गुणी मुलीचे भाषण लोकलच्या आवाजात बुडाले, पुन्हा चित्रण करीपर्यंत मुदत टळली. शीवला रुळालगत राहणाऱ्यांनी शांत खोली आधीच ठरवावी. समाजमंदिराची किल्ली आमच्याकडे असते.